शेताला साजेसा ट्रॅक्टर आणि विक्रेत्याचे ज्ञान : बुलढाणा जिल्ह्याच्या मातीवरून एक विचार

शेतकरी कुटुंबाच्या आयुष्यात जमीन आणि घर यांच्या खालोखाल सर्वांत मोठी खरेदी बहुधा ट्रॅक्टरचीच असते, आणि ती प्रायः कर्जावर होत असल्यामुळे तिचा परिणाम पुढील अनेक वर्षांच्या मशागतीवर, हप्त्यांवर आणि घरखर्चावर पडत राहतो. असे असूनही या खरेदीच्या वेळी कुटुंबाला मिळणारा तांत्रिक सल्ला बहुतेक वेळा एकाच माणसाकडून येतो, आणि तो माणूस म्हणजे शोरूममध्ये बसणारा किंवा मोटारसायकलवरून गावोगाव फिरणारा विक्री प्रतिनिधी, ज्याला बोलीत सगळे ‘सेल्समन’ म्हणतात. त्याला काय ठाऊक असावे, ते त्याला कोठून शिकायला मिळते आणि ते अपुरे राहिल्यास त्याची किंमत कोण मोजतो, हे प्रश्न म्हणूनच शेतीच्या अर्थकारणाचे प्रश्न आहेत.

विक्रेत्याला आपल्या मालाविषयी जी माहिती असावी लागते, तिला व्यापाराच्या भाषेत उत्पादनज्ञान म्हणतात. मोटारगाडी विकणाऱ्याला गाडी आणि रस्ता ठाऊक असला म्हणजे बरेच भागते, कारण डांबरी रस्ता सगळीकडे जवळजवळ सारखाच असतो. ट्रॅक्टर मात्र मातीवर चालतो, मातीत अवजार ओढतो, आणि माती शिवारागणिक बदलते. त्यामुळे ट्रॅक्टरविक्रेत्याच्या ज्ञानाचे तीन थर मानावे लागतात : पहिला यंत्राचा, दुसरा ते यंत्र ज्या जमिनीत व पिकात राबणार आहे त्यांचा, आणि तिसरा कर्ज, विमा, नोंदणी व दुरुस्ती यांच्या व्यवहाराचा. यांतील पहिला थर माहितीपत्रकात छापून मिळतो आणि तिसरा कार्यालयात बसून शिकता येतो. दुसरा मात्र बांधावर उभे राहिल्याशिवाय येत नाही, आणि विक्रेत्याची खरी कसोटी तेथेच लागते.

घाटावरची आणि घाटाखालची जमीन

बुलढाणा जिल्ह्यातील तेरा तालुक्यांची विभागणी तेथील लोक ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ या दोन शब्दांनी करतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या माथ्यावरील पठारात बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार आणि मेहकर हे तालुके मोडतात, तर पूर्णा नदीच्या खोऱ्याकडे उतरणाऱ्या भागात मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे तालुके येतात, ज्यांपैकी शेवटचे दोन उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याला टेकतात. घाटावर एकाच शेताचा वरचा तुकडा मुरमाड व उथळ आणि खालचा तुकडा भारी असू शकतो. घाटाखाली पूर्णेच्या दोन्ही अंगांना खोल काळी जमीन पसरलेली असून तिचा काही भाग अकोला व अमरावती जिल्ह्यांतही पसरलेल्या खारपाणपट्ट्यात मोडतो, जेथे भूगर्भातील पाणी खारे आहे आणि मातीत सोडियमचे प्रमाण अधिक आहे.

काळ्या जमिनीतील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात आणि सुकल्यावर आक्रसतात, म्हणूनच उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात आणि पावसाळ्यात तिचा चिखल चाकांना लगडतो. या दोन टोकांच्या मधली, माती ना ओली ना कोरडी अशी जी अवस्था असते, तिला शेतकरी ‘वाफसा’ म्हणतात आणि मशागत, पेरणी, डवरणी ही सारी कामे त्या वाफशातच साधावी लागतात. खारपाणपट्ट्यातील जमीन ओली असताना अतिशय चिकट आणि वाळल्यावर दगडासारखी कठीण होत असल्यामुळे तेथे वाफशाचे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच मिळतात. सोयाबीन निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर हरभरा पेरायचा असेल तर तेथेही तीच घाई असते. अशा ठिकाणी ट्रॅक्टरची निवड करताना ‘किती शक्ती’ या प्रश्नाबरोबरच ‘किती दिवसांत किती एकर’ हाही प्रश्न विचारावा लागतो, आणि ज्या सेल्समनला वाफशाचे दिवस मोजता येतात त्यालाच त्याचे उत्तर देता येते.

पिकांच्या ओळींतील अंतराचेही तसेच आहे. कपाशीच्या दोन तासांमध्ये, म्हणजे ओळींमध्ये, डवरणी करण्यासाठी बैलजोडी मिळेनाशी झाल्यावर पंधरा ते वीस अश्वशक्तीच्या लहान ट्रॅक्टरांना मागणी आली. तो ट्रॅक्टर घेणाऱ्याने पेरणीच्या वेळीच ओळींचे अंतर त्याच्या चाकांच्या मापाने ठेवले नाही तर तो पिकात घालताच येत नाही. सोयाबीनसाठी कृषी विभाग व कृषी विद्यापीठे ज्या रुंद वरंबा सरी पद्धतीचा प्रसार करतात, तिच्यात पीक रुंद वरंब्यावर आणि पाणी दोन बाजूंच्या सऱ्यांत असते. पुढच्या कामांच्या वेळी चाके त्या सऱ्यांतूनच जावीत यासाठी दोन चाकांमधील अंतर, ज्याला ट्रॅक-रुंदी म्हणतात, सऱ्यांच्या अंतराशी जुळवावे लागते. बहुतेक ट्रॅक्टरांची ट्रॅक-रुंदी चाकांच्या चकत्या उलटसुलट बसवून कमीजास्त करता येते. ही सोय माहितीपत्रकातील एका ओळीपुरती असली तरी ती दाखवून देणारा विक्रेता शेतकऱ्याचे एका हंगामाचे नुकसान टाळू शकतो.

अश्वशक्तीचा आकडा आणि शेतातली शक्ती

ट्रॅक्टरची किंमत, कर्जाची रक्कम आणि गावातील प्रतिष्ठा या तिन्ही गोष्टी ज्या एका आकड्याशी जोडल्या गेल्या आहेत तो म्हणजे अश्वशक्ती, बोलीभाषेत ‘एचपी’. पंचाहत्तर किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्यास जेवढी शक्ती लागते ती एक मेट्रिक अश्वशक्ती होय, आणि एक किलोवॅट म्हणजे सुमारे १.३६ अश्वशक्ती. बॉनेटवर मिरवणारा आकडा बहुधा इंजिनाचा असतो, शेतात पोहोचणाऱ्या शक्तीचा नसतो. इंजिनातून निघालेली शक्ती गिअर, दांडे आणि चाके यांतून जाताना टप्प्याटप्प्याने घटते. कृषी अभियांत्रिकीत वापरल्या जाणाऱ्या एका ढोबळ नियमानुसार दर टप्प्याला सुमारे ८६ टक्के शक्ती पुढे जाते. या हिशेबाने इंजिनाची ५० अश्वशक्ती मागच्या फिरत्या दांड्यापाशी ४३, काँक्रीटवर अवजार ओढताना ३७, घट्ट मातीत ३२ आणि तेथे सतत वापरता येण्याजोगी म्हणून २७ च्या आसपास उरते. भुसभुशीत जमिनीत ती आणखी खाली येते.

समान अश्वशक्तीचे दोन ट्रॅक्टर सारखेच काम करतील असेही नाही. नांगराचा फाळ जमिनीतल्या कठीण थरावर आदळला की इंजिनाचे फेरे कमी होतात, आणि फेरे कमी होताना इंजिनाची पिळण्याची ताकद, म्हणजे टॉर्क, वाढली तर ट्रॅक्टर तो थर फोडून पुढे जातो, न वाढल्यास बंद पडतो किंवा चालकाला गिअर खाली घ्यावा लागतो. या राखीव ताकदीला ‘बॅकअप टॉर्क’ म्हणतात. घाटाखालच्या भारी जमिनीत उन्हाळी नांगरट करणाऱ्याला तिचे मोल अधिक, तर प्रामुख्याने ट्रॉली ओढणाऱ्याला गिअरांची रचना, ब्रेक आणि वजन यांचे मोल अधिक. खरेदीदाराचा वापर आधी विचारून मग आकडा सांगणारा आणि आधी आकडा सांगून मग गरज त्याला चिकटवणारा, असे दोन प्रकारचे विक्रेते येथे स्पष्टपणे वेगळे पडतात.

डिझेलच्या खर्चाविषयीही असाच हिशेब मांडता येतो. ट्रॅक्टर ‘तासाला अडीच-तीन लिटर पितो’ असे सर्रास सांगितले जाते, परंतु इंधनाचा खप कामाच्या भारावर अवलंबून असल्यामुळे भार न सांगता दिलेल्या या आकड्याला अर्थ उरत नाही. चाचणी अहवालात खप दर किलोवॅट-तासाला किती ग्रॅम, अशा रीतीने दिलेला असतो. तो २५० ग्रॅम आहे आणि ट्रॅक्टर ३० किलोवॅट, म्हणजे सुमारे ४० अश्वशक्ती, पूर्ण भाराने देत आहे असे धरले, तर तासाला साडेसात किलो, म्हणजेच जवळपास नऊ लिटर डिझेल लागते. हलक्या डवरणीत तोच ट्रॅक्टर याच्या कितीतरी कमी इंधनात भागवतो. हा गुणाकार कागदावर करून दाखवणे कोणत्याही सेल्समनला पाच मिनिटांत शिकवता येईल, आणि त्यानंतर त्याच्या शब्दाला जे वजन येईल ते सवलतीच्या फलकाने येणार नाही.

खडूची एक खूण

शेतात ट्रॅक्टर दाखवून देण्याच्या प्रात्यक्षिकाला सगळे ‘डेमो’ म्हणतात. बऱ्याच डेमोंमध्ये ट्रॅक्टर किती खोल नांगरतो एवढेच पाहिले जाते, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट डोळ्यांना सहज दिसत नाही आणि ती म्हणजे चाकांची घसरण. चाक फिरते पण तेवढ्या प्रमाणात ट्रॅक्टर पुढे सरकत नाही, तेव्हा डिझेल जळते, टायर झिजतो आणि मातीची रचना चिरडली जाते. ही घसरण मोजायला खडू आणि टेप यांच्यापलीकडे काहीही लागत नाही. मागच्या टायरच्या बाजूवर खडूने एक रेघ मारावी, अवजार वर उचलून त्याच शेतात चाकाचे दहा फेरे होईपर्यंत ट्रॅक्टर चालवावा आणि अंतर मोजावे. मग अवजार जमिनीत घालून पुन्हा दहा फेऱ्यांचे अंतर मोजावे. पहिल्या वेळी ४० मीटर आणि दुसऱ्या वेळी ३४ मीटर भरले, तर सहा मीटर वाया गेले, म्हणजे घसरण १५ टक्के झाली.

साधारणपणे आठ ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यानची घसरण शेतकामात योग्य मानली जाते. ती याहून अधिक असेल तर मागच्या चाकांवर वजन कमी पडते आहे, आणि ते लोखंडी वजने जोडून किंवा टायरच्या ट्यूबमध्ये पाणी भरून वाढवता येते. ती फारच कमी असेल तर ट्रॅक्टर गरजेपेक्षा जड आहे आणि तो काळी जमीन दाबून टाकतो आहे, ज्याचे फळ पुढच्या पावसात पाणी न मुरण्याच्या रूपाने दिसते. टायरमध्ये पाणी भरण्याची प्रथा गावोगाव आहे, पण कोणत्या कामासाठी भरावे आणि कोणत्या कामाआधी काढावे हे क्वचितच सांगितले जाते. खडूच्या रेघेने हा सारा विषय खरेदीदाराच्या डोळ्यांसमोर मांडला जातो, आणि तो बांधावर, त्याच्याच जमिनीत मांडला गेल्यामुळे त्यावर विश्वास बसतो.

मागच्या बाजूची यंत्रणा

इंजिनाची फिरती शक्ती अवजाराला देणारा ट्रॅक्टरच्या मागचा दांडा म्हणजे पीटीओ. त्याची प्रमाणित गती मिनिटाला ५४० फेरे असते आणि रोटाव्हेटर, मळणीयंत्र, फवारणी पंप अशी अवजारे त्याच गतीसाठी बनवलेली असतात. ही गती इंजिनाच्या किती फेऱ्यांवर मिळते हे ट्रॅक्टरागणिक वेगळे असते, आणि ज्या ट्रॅक्टरमध्ये हलक्या कामासाठी ती इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर मिळण्याची सोय आहे तो मळणीच्या दिवसांत डिझेल वाचवतो. क्लच एकेरी असेल तर तो दाबताच ट्रॅक्टरची चाल आणि पीटीओ दोन्ही थांबतात. दुहेरी असेल तर पेडल अर्धे दाबल्यावर चाल थांबते, पण पीटीओ फिरत राहतो. रोटाव्हेटर मातीच्या ढेकळांत अडखळला असता हा फरक किती मोलाचा आहे ते चालकाला तत्काळ कळते. रोटाव्हेटरची रुंदी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांच्या खुणा झाकण्याएवढी असावी आणि त्याच वेळी पीटीओच्या शक्तीला पेलणारी असावी, अशी दुहेरी अट असते. मोठे अवजार विकून बिल वाढवण्याचा मोह विक्रेत्याने येथेच आवरायचा असतो.

अवजार उचलणारी तीन दांड्यांची हायड्रॉलिक जोडणी आयर्लंडमध्ये जन्मलेले अभियंते हॅरी फर्ग्युसन यांनी विकसित केली आणि १९३० च्या दशकात ती विकल्या जाणाऱ्या ट्रॅक्टरांवर आली. आज जगातील जवळजवळ प्रत्येक शेतीच्या ट्रॅक्टरवर तिचेच रूप असते. तिचे नियंत्रण करणाऱ्या, चालकाच्या हाताशी असलेल्या दोन दांड्यांपैकी एक अवजाराची उंची कायम ठेवतो, त्याला ‘पोझिशन कंट्रोल’ म्हणतात. दुसरा अवजारावरची ओढ कायम ठेवतो, म्हणजे नांगर कठीण थरात शिरून ओढ वाढली की तो त्याला किंचित वर घेतो आणि थर संपला की पुन्हा खाली सोडतो, त्याला ‘ड्राफ्ट कंट्रोल’ म्हणतात. नांगरटीला ड्राफ्ट आणि पेरणीला पोझिशन, हे साधे सूत्र खरेदीच्या दिवशी सांगितले गेले नाही तर एखादा दांडा वर्षानुवर्षे न वापरताच राहतो. उचलण्याच्या क्षमतेचा छापील आकडाही नीट वाचावा लागतो, कारण ती क्षमता खालच्या दांड्यांच्या टोकाशी मोजली असता जास्त आणि टोकांच्या ६१० मिलिमीटर मागे मोजली असता कमी भरते, तर पलटी नांगरासारख्या अवजाराचे वजन प्रत्यक्षात टोकांच्या बरेच मागे असते.

बुदनीचा अहवाल

विक्रेत्याचे बोलणे पारखून घेण्याचे एक निष्पक्ष साधन देशात फार पूर्वीपासून उपलब्ध आहे. मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ साली सुरू झालेले ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र पुढे केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था म्हणून विकसित झाले, आणि भारतीय मानकांनुसार ट्रॅक्टरांच्या चाचण्या तेथे होतात. या चाचणीत पीटीओची शक्ती, ओढशक्ती, इंधनाचा खप, हायड्रॉलिकची क्षमता, ब्रेक, आवाज, कंपने आणि वळण्याचे वर्तुळ मोजले जाते. प्रत्यक्ष शेतात व ट्रॉलीसह ट्रॅक्टर चालवून पाहिला जातो आणि शेवटी यंत्र खोलून भागांची झीज तपासली जाते. इंजिनाची कामगिरी ४३ अंश सेल्सियसच्या आसपासच्या तापमानातही मोजली जाते, आणि उन्हाळी नांगरट नेमकी अशाच तापमानात करणाऱ्या घाटाखालच्या शेतकऱ्यासाठी तो रकाना सर्वांत उपयोगी आहे.

अशा चाचणीमागची मूळ प्रेरणा समजून घेण्यासारखी आहे. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात विल्मॉट क्रोझियर या शेतकरी आमदाराने निकृष्ट ट्रॅक्टरांचा अनुभव घेतल्यानंतर १९१९ साली एक कायदा संमत करून घेतला. त्यानुसार राज्यात विकल्या जाणाऱ्या ट्रॅक्टरची विद्यापीठात चाचणी होणे आणि सुट्या भागांचा पुरेसा साठा राज्यात असणे बंधनकारक झाले. १९२० पासून सुरू झालेल्या या चाचण्यांनी जाहिरातीतील दाव्याला मोजमापाची कसोटी लावण्याचा पायंडा पाडला. आपल्याकडेही चाचणीची व्यवस्था उभी आहे आणि यांत्रिकीकरणाच्या अनुदान योजनांमध्ये तिचा आधार घेतला जातो. उणीव एवढीच आहे की तो अहवाल विक्रेत्याच्या मेजावर ठेवलेला आणि समजावून सांगितला जात असलेला फारसा आढळत नाही.

चावी हाती देताना

ट्रॅक्टरची पूजा होते, नारळ फुटतो, हार चढतो आणि चावी हाती येते. त्या गडबडीत जे अर्ध्या तासाचे शिक्षण व्हायला हवे ते राहून जाते. ऑइलबाथ प्रकारचा एअर क्लिनर, म्हणजे तेलात धूळ अडवून हवा गाळणारे भांडे, मळणीच्या व कोरड्या मशागतीच्या दिवसांत दररोज पाहावे लागते, कारण काळ्या मातीची बारीक धूळ इंजिनात गेली तर पिस्टन आणि सिलिंडर झपाट्याने झिजतात. पहिल्या सुमारे पन्नास तासांनंतरची सर्व्हिस चुकवून चालत नाही, आणि हे तास तासमापकावर मोजायचे असतात, कॅलेंडरवर नव्हे. पन्नासपेक्षा अधिक अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून ‘ट्रेम’ प्रदूषण मानकांचा चौथा टप्पा लागू झाल्यामुळे त्यांच्यात संगणक-नियंत्रित इंधनयंत्रणा आली आहे, आणि कॅनमध्ये साठवलेले गढूळ डिझेल जुन्या इंजिनाने जसे खपवून घेतले तसे ती घेत नाही, हेही खरेदीदाराला पहिल्याच दिवशी कळले पाहिजे.

सुरक्षिततेची एक गोष्ट तर जिवाशी निगडित आहे. शेतात झटकन वळता यावे म्हणून ट्रॅक्टरच्या डाव्या व उजव्या चाकांना ब्रेकची वेगळी पेडले असतात, आणि रस्त्यावर येण्यापूर्वी ती दोन्ही कडीने जोडून घ्यावी लागतात. बुलढाण्याहून मलकापूरकडे उतरणाऱ्या राजूर घाटासारख्या वळणावळणाच्या उतारावर भरलेली ट्रॉली घेऊन जाताना कडी सुटलेली असेल आणि एकच पेडल दाबले गेले तर ट्रॅक्टर एका बाजूला ओढला जाऊन उलटू शकतो. घाटात गिअर काढून गाडी सोडून देणे तितकेच घातक आहे, आणि मडगार्डवर माणसे बसवण्याविषयी तर वेगळे सांगायला नको, कारण ट्रॅक्टरला आसन एकच असते. ट्रॅक्टरच्या एम.एच. २८ क्रमांकाच्या नोंदणीखेरीज ट्रॉलीची नोंदणी स्वतंत्र करावी लागते, हेही याच वेळी सांगण्याजोगे आहे, कारण अपघातानंतर विम्याचा प्रश्न पुष्कळदा तेथेच अडतो.

न विकण्याचा सल्ला आणि शब्दाची जबाबदारी

ट्रॅक्टर वर्षाला सुमारे एक हजार तास चालला तर तो परवडतो, असे ढोबळ मान धरले जाते. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर आहे, आणि एवढ्या जमिनीची मशागत करून हजार तास भरणे शक्यच नाही. म्हणजे लहान शेतकऱ्याला ट्रॅक्टर परवडायचा असेल तर त्याला इतरांच्या शेतात भाड्याने काम मिळाले पाहिजे, आणि गावात आधीच किती ट्रॅक्टर आहेत, कोणती अवजारे कोणाकडेच नाहीत, याचा अंदाज त्याला खरेदीपूर्वी हवा. गावागावांत फिरणाऱ्या सेल्समनइतकी ही माहिती दुसऱ्या कोणाकडे क्वचितच असते. तिच्या आधारे एखाद्याला लहान ट्रॅक्टर घ्या, जुनाच दुरुस्त करा किंवा यंदा भाड्यानेच भागवा असा सल्ला देणे हे त्याच्या महिन्याच्या उद्दिष्टाच्या विरोधात जाते, परंतु थकलेल्या हप्त्यांमुळे वित्तसंस्थेने ओढून नेलेला ट्रॅक्टर त्याच गावात त्या कंपनीविषयी जे बोलत राहतो, त्याचाही हिशेब विक्रेत्याने मांडायला हवा.

कायद्यानेही या बोलण्याला वजन दिले आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मालाचा दर्जा किंवा गुणवत्ता यांविषयीचे खोटे विधान, ते लेखी असो वा तोंडी, अनुचित व्यापारी प्रथेत मोडते, आणि उत्पादकाने न दिलेली हमी विक्रेत्याने स्वतःहून दिली व माल तिच्याप्रमाणे निघाला नाही तर तो उत्पादन-दायित्वास पात्र ठरू शकतो. स्वयंरोजगाराने उपजीविका चालवण्यासाठी वस्तू घेणारा हा या कायद्याखाली ग्राहकच असल्याने ट्रॅक्टर घेणारा शेतकरीही जिल्हा आयोगाकडे दाद मागू शकतो. बांधावर सहज बोललेले वाक्य म्हणूनच विक्रेत्याला पुढे बांधून ठेवणारे असते.

शिक्षणाची व्यवस्था आणि तिच्यातील पोकळी

एकाच बाजारपेठेतील दोन दुकानांची तुलना येथे उद्बोधक ठरेल. कीटकनाशके विकणाऱ्या कृषी सेवा केंद्रासाठी २०१५ साली कीटकनाशक नियमांत दुरुस्ती होऊन शैक्षणिक पात्रतेची अट आली, आणि खतविक्रीलाही तशी अट लागू झाली. हैदराबादच्या राष्ट्रीय कृषी विस्तार व्यवस्थापन संस्थेने, म्हणजे ‘मॅनेज’ने, निविष्ठा विक्रेत्यांसाठी २००३ पासून ‘देसी’ हा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम चालवला आहे. त्याचे वर्ग आठवड्यातून एकदा, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी भरतात आणि त्यांत शेतभेटींचाही समावेश असतो. काही शे रुपयांची औषधाची बाटली विकणाऱ्याला कायदा शिकायला लावतो, तर कित्येक लाखांचा ट्रॅक्टर विकणाऱ्या प्रतिनिधीला मात्र तशी पात्रतेची अट नाही. औषधाने होणारी विषबाधा तत्काळ दिसते आणि चुकीच्या ट्रॅक्टरचे नुकसान वर्षानुवर्षे झिरपत राहते, या एका भेदामुळे हा फरक पडला असावा.

अट नाही याचा अर्थ शिक्षण मुळीच नाही असा नव्हे. कंपन्या आपल्या विक्रेत्यांच्या माणसांसाठी प्रशिक्षणवर्ग घेतात, ज्यांत नव्या मॉडेलची वैशिष्ट्ये, स्पर्धक ट्रॅक्टरांशी तुलना आणि गिऱ्हाईकाशी बोलण्याची रीत शिकवली जाते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ‘मेकॅनिक ट्रॅक्टर’ हा अभ्यासक्रम आहे, आणि बुदनीसारख्या संस्था शेतकरी, तंत्रज्ञ व इतरांना यंत्रांचे शिक्षण देतात. या साऱ्यांत यंत्राचा थर भक्कम आहे. उणा आहे तो मातीचा थर. तो भरून काढण्याची साधने मात्र जवळच आहेत. १९६९ साली स्थापन झालेल्या अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात बुलढाणा जिल्हा येतो, आणि जिल्ह्यात बुलढाणा व जळगाव जामोद येथे, म्हणजे एक घाटावर आणि एक घाटाखाली, अशी दोन कृषी विज्ञान केंद्रे आहेत. ‘देसी’च्या धर्तीवर आठवड्यातून एक दिवस, एका पिकाच्या हंगामभर, जिल्ह्यातील ट्रॅक्टर व अवजारांच्या विक्री प्रतिनिधींना या केंद्रांच्या शेतांवर उभे करता आले, तर मातीचा पोत, वाफशाची ओळख, अवजाराची ओढ, घसरणीचे मापन आणि चाचणी अहवालाचे वाचन हे पाच विषय सहज शिकवून होतील.

अशा वर्गाला मोठा निधी लागणार नाही, कारण ट्रॅक्टर विक्रेत्याकडे आहेत, जमीन केंद्राकडे आहे आणि शिकण्याची निकड दोघांच्याही गिऱ्हाइकाला आहे. एखाद्या ठिकाणी विक्रेता स्वतःहूनही हे सुरू करू शकेल. नव्या सेल्समनला पहिल्या आठवड्यात किमतीचा तक्ता पाठ करायला देण्याऐवजी जुन्या गिऱ्हाइकांच्या शेतांवर पाठवावे, आणि परत आल्यावर कोणाची जमीन कशी आहे, कोणते अवजार पडून आहे, कोणत्या दांड्याला हात लागलेला नाही, हे लिहून घ्यावे. त्या वहीतून जे हाती येईल ते कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते. आणि पुढच्या वेळी चिखलीचा वा शेगावचा शेतकरी शोरूमची पायरी चढून ‘कोणता ट्रॅक्टर चांगला?’ असे विचारील, तेव्हा त्याला उत्तराऐवजी आधी प्रश्न ऐकू येतील : जमीन घाटावरची की घाटाखालची, तास किती अंतरावर, वाफसा किती दिवस टिकतो.